सीटखालची टिरटिर

भारत विधातेने गाडीत वूफर बसवायचं मनावर घेतलं ते पिंपळगाव बसवंतच्या एका लग्नाहून परत येताना. मित्राच्या गाडीत तो मागच्या सीटवर बसला होता. डिकीत एक काळी पेटी होती, आणि गाण्यातली ढोलकी कानात शिरायच्या आधी पाठीत शिरत होती, कुणीतरी मागून तळहाताने थोपटावं तशी. आडगाव नाक्याला उतरेपर्यंत भारत त्या ढोलकीला पाठ देऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या गाडीत बसून त्याने तेच गाणं लावलं, तर तीच ढोलकी शेजारच्या घरात कुणी पत्र्याचा डबा बडवतंय अशी ऐकू आली.

गाडी नवी होती. दोन हजार पाचच्या दसऱ्याला घेतलेली, चंदेरी रंगाची, आत कंपनीनेच बसवून दिलेला सीडीचा स्टिरिओ. मखमलाबादला भारतचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि बांधाकडेला पालक-मेथी. फुलं गणेशवाडीच्या बाजारात पिकअपने जायची. चंदेरी गाडी फक्त घरच्यांसाठी होती. घरात तो, बायको मनीषा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आई नवसाबाई. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. आणखी एक माणूस होतं, पण त्याचं नाव घरात घेतलं जात नव्हतं. ती भारतची धाकटी बहीण मैना. तीन वर्षांपूर्वी ती टायपिंगच्या क्लासला म्हणून गेली आणि मालेगावच्या एका परजातीतल्या मुलाशी लग्न करून तिकडेच राहिली. तो मुलगा यंत्रमाग दुरुस्त करायचा. भारतने त्या दिवशी ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं, "आजपासून ह्या घरात तिचं नाव निघणार नाय." आईने पदर डोक्यावर घेतला होता आणि ती आत निघून गेली होती. तेव्हापासून खरंच कुणी नाव काढलं नव्हतं.

मुंबई नाक्याच्या मागच्या गल्लीत वाल्मीकचं गाड्यांच्या टेपचं दुकान होतं. वाल्मीक आधी अंबडला एका कारखान्यात पॅनेलची वायरिंग करायचा. तिथली सवय म्हणून तो अजूनही प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधायचा. त्याने गाडीत डोकं घालून स्टिरिओ थोडा बाहेर ओढला, मागे बॅटरी मारली आणि म्हणाला, "भाऊ, कंपनीच्या टेपला मागं अ‍ॅम्पची लाईनच नसते. टेप बदलून टाकू?"

"कंपनीचं हाय ते. नवं कोरं. कशाला बदलायचं?"

"मग स्पीकरच्या तारेतनं आवाज उचलावा लागंल. मध्ये एक डबी बसवतो. डबीतनं अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पमधनं वूफरला. तार एक पण कापणार नाय, नुसत्या जोडतो. कंपनीवाल्याला कळणार सुद्धा नाय."

भारतला त्यातलं काहीच कळलं नाही, पण तार कापणार नाही एवढं ऐकून तो खूश झाला. वाल्मीकने दिवसभर काम केलं. गाडीच्या बॅटरीपासून जाड लाल तार आणली, वाटेत फ्यूज बसवला, अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारा काळा डबा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली सरकवला आणि वूफरची पेटी डिकीत ठेवली. संध्याकाळी गाणं लावलं तेव्हा ढोलकी पाठीत शिरली. भारत डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "हां. ही ढोलकी."

टिरटिर सुरू झाली ती चौथ्या दिवशी.

तो बी-बियाण्याच्या दुकानातून परत येत होता. गाणं चाललेलं असताना मध्येच आवाज आला, 'टिक् टिटिक् टिटिक् टिर्रर्र', जसं काही पेटीत एखादं पाखरू अडकलंय. आठ-दहा सेकंद वाजला आणि थांबला. भारतने गाणं बंद केलं, गाडी बाजूला घेतली, सीटखाली वाकून पाहिलं. काळा डबा आणि त्यावरचा हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पुन्हा. त्यानंतर दोन दिवस काही नाही. मग एकाच फेरीत तीनदा.

तो गाडी घेऊन वाल्मीककडे गेला.

"अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो का आवाज?" वाल्मीकने विचारलं.

"नाय."

"इंडिकेटर लावल्यावर? काच खाली-वर करताना?"

"नाय रे बाबा."

"मग कधी येतो?"

"त्याच्या मनाला यील तेव्हा."

वाल्मीकने तास-दीड तास गाडी चालू ठेवून ऐकलं. टिरटिर आली नाही. डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरलेल्या माणसासारखा भारत ओशाळा होऊन बसला. वाल्मीकने तरीही अर्थिंगची जागा बदलली, सीटच्या बोल्टखालचा रंग खरवडून तार पुन्हा घट्ट केली. दोन दिवसांनी आवाज परत आला. मग त्याने मधली डबी बदलली. आवाज परत आला. भारतला वाटायला लागलं, आपल्याच कानात काही बिघडलंय. गाडीत एकटा असला की तो ऐकायचा, दुसरं कुणी असलं की नेमका आवाज गप्प.

आणखीही काही गोष्टी त्याच्या लक्षात येत होत्या, पण त्या वूफरशी जोडायचं त्याला सुचलं नाही. मोबाईलचा गाडीतला चार्जर तो काढून कप्प्यात ठेवायचा आणि सकाळी पाहावं तर चार्जर सिगारेटच्या भोकात लावलेला. शेजारची सीट त्याने सरळ केलेली असायची, ती मागे कललेली सापडायची. एकदा सीटवर दोन बडीशेपेचे दाणे होते. आपणच विसरतो, असं म्हणून त्याने ते झटकून टाकले. अडतीस वर्षं म्हणजे काही विसरायचं वय नव्हे, हा विचारही मनात आला, आणि तो त्याला जास्त लागला.

तिसऱ्या खेपेला वाल्मीक म्हणाला, "मी तुमच्यासोबत येतो. चला, गंगापूर धरणापर्यंत जाऊन येऊ."

सोमेश्वरच्या पुढे गेले असतील, तोच टिर्रर्र सुरू झालं. भारतने अपराध्यासारखं वाल्मीककडे पाहिलं. दुसऱ्याच क्षणी वाल्मीकच्या खिशातला मोबाईल वाजला. त्याने फोन घेतला नाही. तो हसायला लागला.

"सापडलं. भाऊ, हा मोबाईलचा आवाज हाय. फोन यायच्या आधी मोबाईल टॉवरशी बोलतो, ते अ‍ॅम्पच्या तारांना ऐकू जातं. मी खुळ्यासारखा अर्थिंग शोधत बसलो. तुमचा फोन अ‍ॅम्पपासून लांब ठेवत जा, संपलं."

भारतला हायसं वाटलं. पण घरी पोचेपर्यंत ते वाटणं विरलं. त्याचा फोन असा कितीदा वाजतो? दिवसात चार-पाचदा. टिरटिर झाल्यावर प्रत्येक वेळी फोन वाजायला हवा होता. तो कधी वाजला नव्हता.

गुरुवारी आईला साखर तपासायला डॉक्टरकडे न्यायचं होतं. भारतने आपला मोबाईल मुद्दाम देवघरातल्या फळीवर ठेवला. शेजारच्या सीटवर मनीषा बसली, मागे आई. दिंडोरी रोडला लागल्यावर त्याने अभंगांची सीडी लावली, आईला आवडेल म्हणून. दोन अभंग नीट झाले. तिसऱ्याच्या सुरुवातीलाच टिक् टिटिक् टिटिक् टिर्रर्र. थांबलं आणि लगेच पुन्हा झालं.

"मनीषा, तुझ्याकडे कुणाचा मोबाईल हाय का?"

"माझ्याकडं कुठला मोबाईल?" मनीषा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मागून आई म्हणाली, "तुझ्या त्या पेटीत किडा शिरलाय. काढून टाक ती. आधीचं गाणं काय वाईट होतं?"

"अगं, आई, नवी पेटी हाय."

"नवी असू नायतर जुनी. गाडी हाय का तमाशा? काढून टाक."

आईचा आवाज वाजवीपेक्षा चढलेला होता. नवसाबाई अशी कधी कुठल्या वस्तूवर चिडत नसे. भारतने आरशातून पाहिलं. ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. म्हाताऱ्या माणसाला आवाज सोसत नाही, असं समजून त्याने सीडी बंद केली.

शुक्रवारी तो पुन्हा वाल्मीकपुढे उभा राहिला. "फोन घरी ठेवला होता. तरी आला."

वाल्मीकने आता वाद घातला नाही. त्याने सीटचे चार बोल्ट काढले आणि सीट उचलून गाडीबाहेर फरशीवर उलटी ठेवली. अ‍ॅम्प्लिफायर तपासायला तो वाकला, आणि मध्येच थांबून सीटकडे वळला. सीटकव्हरची खालची दोरी एका बाजूला सैल होती. त्याने आत हात घातला. फोम आणि कव्हर यांच्यामधून, मुलाच्या जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला एक मोबाईल निघाला. छोटा, काळा, वर टॉर्च असलेला. चालू होता.

"भाऊ, हा कुणाचा?"

भारतच्या तोंडून लगेच निघालं, "माझाच. जुना. विसरलो होतो."

वाल्मीकने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. "मग आता आवाजाचं कोडं सुटलं," एवढंच तो म्हणाला आणि पान्हा घेऊन सीट बसवायला लागला. जास्त काही न विचारल्याबद्दल भारतने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

परत येताना त्याने मखमलाबादच्या पाटाजवळ गाडी थांबवली. मोबाईल उघडून पाहिला. नावं एकही साठवलेली नव्हती. एकच नंबर होता, आलेल्या फोनमध्ये तोच, केलेल्यांत तोच, आणि न घेतलेल्यांत तोच वीस वेळा. केलेले सगळे फोन दुपारचे, दोन-सव्वादोनचे. कुठला वीस मिनिटांचा, कुठला चाळीस.

दुपारी दोनला तो मळ्यात असतो. मुलं शाळेत. घरात फक्त आई आणि मनीषा. आणि आईला तर टीव्हीचा रिमोटसुद्धा धरता येत नाही.

पाटाच्या कडेला बसून त्याने मनीषाबद्दल जे जे विचार केले त्याची पुढे त्याला फार लाज वाटली. चौदा वर्षांचा संसार होता. तिने खिडकीबाहेर बघत "कुठला मोबाईल" म्हटलं ते त्याला आठवलं, ती अलीकडे गाडीची दुसरी किल्ली स्वतःच्या कमरेला लावते ते आठवलं. कुणाचा नंबर असेल? बोलावं तरी काय चाळीस-चाळीस मिनिटं? एकदा वाटलं, आत्ता घरी जाऊन मोबाईल तिच्यापुढे आपटावा. एकदा वाटलं, पाटात फेकून द्यावा आणि काही झालंच नाही असं राहावं. यातलं काहीच त्याने केलं नाही. फोन पायमोज्यात गुंडाळला, होता तिथे परत खोचला आणि दोरीची गाठ सैल होती तशीच सैल ठेवली.

शनिवारी दुपारी दोन वाजता तो शेवंतीत पाणी भरायचं सोडून घराकडे आला. पुढच्या वाटेने नाही, मागून, फुलं निवडायच्या शेडच्या आडोशाने. लोडशेडिंगची वेळ होती. सगळी वाडी पंखे बंद पडल्यामुळे ओट्यावर आली होती. त्याच्या घरासमोरच्या लिंबाखाली चंदेरी गाडी उभी होती. सगळ्या काचा वर. मनीषा गाडीपासून दहा पावलांवर गोणपाटावर बसून झेंडूच्या माळा ओवत होती आणि मधूनमधून रस्त्याकडे बघत होती. राखण करावी तशी.

आणि गाडीत, मागे कललेल्या सीटवर, आई बसली होती.

नाकावर चष्मा, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, डाव्या कानाला मोबाईल. चार्जरची काळी तार तिच्या गळ्याजवळून गेली होती. ती बोलत होती, आणि नुसती बोलत नव्हती, भांडत होती. उजवा हात हवेत जात होता, बोट नाचत होतं, मध्येच ती डॅशबोर्डवर थाप मारत होती. एवढं बोलताना भारतने तिला वडील असतानाही पाहिलं नव्हतं. काचेतून एक अक्षर बाहेर येत नव्हतं.

तो शेडमागे किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मनीषाबद्दल सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी डोकं आणखी गुरफटत होतं. आई कुणाशी भांडते? एका नावापाशी मन जात होतं आणि तिथूनच परत फिरत होतं, कारण ते नाव आईला सगळ्यांत जास्त झोंबलं होतं असं तो तीन वर्षं धरून चालला होता.

रविवारी सकाळी आई देवळात गेल्यावर तो गाडीत बसला. मोबाईल काढला आणि तो एकच नंबर लावला. स्टिरिओ चालू होता. डिकीतून टिर्रर्र ऐकू आलं आणि मग त्याच्या कानात घंटी वाजायला लागली. तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"आज इतक्या सकाळी? भारतदादा गेला का कुठं बाहेर? आणि हे बघ आई, मी कालची अजून चिडलेलीच हाय, आधीच सांगून ठेवते."

मैनाचा आवाज होता. जराही बदललेला नव्हता.

भारतने फोन कानाला आणखी घट्ट दाबला. मागे कुठेतरी मागांचा खडखडाट चालला होता.

"आई?" मैना म्हणाली. मग हळू, "दादा?"

त्याने फोन बंद केला. लगेच टिरटिर सुरू झाली. मोबाईलचा पडदा उजळला, विझला, पुन्हा उजळला. पाच वेळा. भारत नुसता बघत राहिला.

आई देवळातून आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता आणि मोबाईल शेजारी फरशीवर ठेवलेला होता. नवसाबाईने आधी मोबाईल पाहिला, मग मुलाला. चपला काढल्या, पाय धुतले, येऊन जोत्याला टेकून बसली. मनीषा दारात येऊन उभी राहिली.

"किती दिवस चाललंय हे?" भारतने विचारलं.

"दिवाळीपासून."

"तू मला सांगितलं नाय."

"तूच म्हणाला होता, ह्या घरात तिचं नाव निघणार नाय. मी काढलं का घरात? एकदा तरी काढलं?"

"आई, मग हे काय हाय?"

"गाडी काय घरात मोडत नाय," नवसाबाई म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. तिने तेवढा विचार करूनच जागा शोधली होती.

मनीषाने मग सगळं सांगितलं. फोन मैनानेच पाठवला होता, ओळखीच्या बाईबरोबर, भाजीच्या पिशवीत. घरात ठेवायला जागा नव्हती. मुलं सगळीकडे हात घालतात. लाईट दुपारी नसते, म्हणून चार्जिंग गाडीत. किल्ली एक खटका फिरवायची एवढं मनीषाने सासूला शिकवलं होतं. रिचार्जचं कार्ड मनीषाच आणत होती. मैना मोकळी झाली की मिस कॉल द्यायची. गाडी दारात आहे का रस्त्यावर, हे तिला तिकडे बसून कसं कळणार? फोनची घंटी मनीषाने बंद करून ठेवली होती, त्यामुळे वूफर येईपर्यंत त्या मिस कॉलचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

"म्हणजे घरात मी एकटाच खुळा," भारत म्हणाला.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," मनीषा म्हणाली. "तुम्ही नेहमी आवाजाचंच विचारत होता."

भारतने आईकडे पाहिलं. "मी समजत होतो तुला राग हाय तिचा."

"हायेच," नवसाबाई ताडकन म्हणाली. "लय राग हाय. म्हणून तर फोन करते. तुला काय वाटलं, लाड करते मी तिचे? भांडते रोज. मला न सांगता गेली. मी नायच म्हणाले असते, पण सांगायला नको? माझ्या तोंडावर सांगून जायला नको? हे तिला रोज विचारते, आणि ती रोज उलटून बोलते. मग तिचा खोकला कमी झाला का विचारते, मग ठेवते. तू तर राग धरला आणि गप बसला. माणूस गप बसलं तर राग जायचा कसा?"

ती उठून आत गेली. भारत ओट्यावर बसून राहिला. आईचं म्हणणं बरोबर आहे की नाही हे त्याला ठरवता येईना. तीन वर्षं तो आईच्या बाजूने राग धरून बसला होता, आणि आईने आपला राग केव्हाच कामाला लावला होता. मग त्याच्याजवळ होता तो राग नक्की कुणाचा होता? त्याने शोधून पाहिलं, तर मैनाचा तो आवाज, "दादा?", तेवढाच हाताला लागला.

सोमवारी त्याने वाल्मीककडे जाऊन अ‍ॅम्प्लिफायर सीटखालून काढून डिकीत बसवून घेतला. वाल्मीकने तारा नव्याने ओढल्या, चिठ्ठ्या बांधल्या, आणि म्हणाला, "आता सीटमध्ये मोबाईल असला तरी आवाज येणार नाय. आला तर लय बारीक." भारतने पैसे मोजून दिले.

पुढचं सगळं आईने ठरवलं. म्हणजे आई आणि मैनाने, फोनवर, भांडत. मैना मखमलाबादला यायला तयार नव्हती, कारण दादाने बोलावलेलं नाही. आई मालेगावला जायला तयार नव्हती, कारण जावयाने अजून तोंड दाखवलेलं नाही. भारतला कुणी काही विचारलं नाही. शेवटी मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी आई नवं लुगडं नेसून गाडीत बसली आणि म्हणाली, "पिंपळगावला चल. हायवेवर चहाचं हॉटेल हाय, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजच्या अलीकडं. ते दोघं तिथं येणार हायेत."

हॉटेलाबाहेर टेम्पो उभे होते, द्राक्षांच्या पेट्यांनी भरलेले. मैना त्यांच्या सावलीत उभी होती. भारतला आधी ओळखू आली नाही. ती जाड झाली होती आणि केस आखूड होते. शेजारी एक उंच, सावळा माणूस पांढऱ्या शर्टाची बटणं चाचपत उभा होता. तो तिचा नवरा, दौलत. आई उतरली नाही. तिने मागचं दार आतून उघडलं. मैना गाडीकडे आली, भारतसमोर क्षणभर थांबली, "वजन कमी झालंय तुझं," म्हणाली आणि आत जाऊन बसली. दार लागलं. काचा वर गेल्या. पाच मिनिटांत आईचं बोट नाचायला लागलं आणि मैनाचे दोन्ही हात हलायला लागले.

बाहेर दोघे पुरुष राहिले. दौलतला काय म्हणून हाक मारावी, ते भारतला कळेना. पाहुणे म्हणावं तर पाहुणा मानलेला नाही, जावई म्हणावं तर लग्नाला आपण नव्हतो. दौलतचीही तीच पंचाईत दिसत होती. त्याने चहा सांगितला. दोघांनी तो पिऊन टाकला. गाडीत भांडण चाललेलंच होतं.

दौलतने मागच्या काचेतून डिकीत पाहिलं. "हाऊ कितला वॅटना शे?" त्याने विचारलं, आणि लगेच सावरून, "म्हणजे, किती वॅटचा आहे हा?"

"वॅट मला ठाव नाय. वाजतो मात्र." भारतने डिकी उघडली.

दौलत वाकला. चिठ्ठ्या वाचल्या, लाल तार बोटाने चाचपली. "कंपनीच्या टेपवरच बसवलाय? मग सिग्नल कुठून घेतला? स्पीकरमधून?"

"मध्ये डबी हाय म्हणे एक."

"हां, डबी. मग बरोबर." त्याने मान डोलावली. "फ्यूज कुठे टाकला?"

भारतने त्याला बॉनेट उघडून दाखवलं. मग दौलतने मागाच्या मोटरची गोष्ट सांगितली, तिच्यातही असाच एक आवाज यायचा आणि आठ दिवस कुणाला सापडला नव्हता. भारतने आपल्या आवाजाची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, की ही ह्याच्याच घरातल्या फोनची गोष्ट आहे. तो थांबला. "मला माहीत आहे," दौलत म्हणाला. "त्या दिवशी ती पाच वेळा फोन करत होती. दिवसभर जेवली नाही."

भारतने बॉनेट लावलं.

मागचं दार उघडलं. नवसाबाई उतरली. डोळे लाल होते, पण चेहरा ताजा, शेतात काम आटोपून आल्यासारखा. तिने पिशवी काखेत मारली.

"मी चालले ह्यांच्यासोबत. एष्टीनं. हिला अजून चार गोष्टी ऐकवायच्या राहिल्यात, त्या रस्त्यावर होणार नायत. रविवारी मला न्यायला ये."

"आई, तुझ्या गोळ्या?"

"आणल्यात."

म्हणजे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. भारतने दौलतकडे पाहिलं. त्यालाही हे आत्ताच कळलं होतं. मैना पदराने तोंड पुसत होती.

"न्यायला कुठं येऊ?" भारतने विचारलं. तीन वर्षांत बहीण कुठे राहते हे त्याने विचारलं नव्हतं.

दौलत सांगायला लागला. हायवे सोडून आत यायचं, मोसम पूल ओलांडायचा, मग एक पाण्याची टाकी लागेल, तिथून दुसरी गल्ली, मागांचा आवाज येईल ती नाही, तिच्या पुढची.

"पूल, टाकी, मग दुसरी गल्ली डावीकडं," भारत म्हणाला.

"उजवीकडं," मैना म्हणाली. "टाकी डाव्या हाताला ठेवायची आणि उजवीकडं वळायचं. दाराशी निळं पिंप हाय. आणि बाराच्या आत ये दादा, जेवायला थांबावं लागंल."

"निळं पिंप," भारत म्हणाला. "टाकी डावीकडं. म्हणजे पुलावरून येताना डावीकडं?"

"हो रे."

त्याला एवढं करूनही नीट समजलं नव्हतं. पण मालेगावची एष्टी आली, आईने हात दाखवून ती थांबवली, आणि तिघं घाईने चढली. गाडीत बसून त्याने किल्ली फिरवली आणि टाकी डावीकडे, गल्ली उजवीकडे असं पुन्हा पुन्हा म्हणत तो नाशिकच्या बाजूला वळला.